दानाचा पैसा : श्रावणी दक्षिणेपासून आपल्या विद्यार्थी निधीपर्यंत

सुवर्णमहोत्सवानिमित्त आपल्या मंडळाने गरजू आणि होतकरू विद्यार्थ्यांसाठी एक कायम निधी उभारावा, असे गेल्या वार्षिक सभेत ठरले, हे बहुतेक वाचकांस ठाऊक आहेच. निधी उभारण्याबद्दल दुमत नव्हते. पावतीपुस्तके छापून आली, कोणत्या सेक्टरात कोणी फिरायचे तेही ठरले. दुमत झाले ते जमलेल्या पैशाचे करायचे काय, या प्रश्नावर. एका पक्षाचे म्हणणे असे, की सारी रक्कम बँकेत मुदत ठेवीत ठेवावी आणि व्याजातून दहावी-बारावीच्या गुणवंतांस पारितोषिके द्यावीत; मूळ रकमेस हात लावू नये. दुसरा पक्ष विचारीत होता, की ज्या मुलाची फी या जुलैत भरायची आहे त्याला पुढल्या पिढीच्या व्याजाचे काय कौतुक? जमेल तसे द्यावे आणि मोकळे व्हावे. सभा रात्री साडेदहापर्यंत चालली, चहा दोनदा झाला, आणि ‘विषयाचा अभ्यास करून पुढील सभेत मांडावा’ असा ठराव होऊन मंडळी घरी गेली. केंद्र सरकारच्या सेवेत आमची उमर दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेली, म्हणूनच की काय, हा अभ्यास आमच्या गळ्यात पडला.

आम्ही अर्थशास्त्राचे पंडित नव्हे. इतिहास विषय घेऊन बी. ए. झालो, आणि पुढे पोटासाठी आकड्यांत शिरलो. तेव्हा प्रश्न समोर येताच आम्हांस प्रथम आठवले ते असे, की हा वाद सिव्हिक सेंटरजवळच्या आपल्या सभागृहात काही पहिल्यांदा झालेला नाही. मराठी मुलुखात तो निदान पावणेतीनशे वर्षे चालू आहे.

त्याचा आरंभ तळेगावात सापडतो. सेनापती दाभाड्यांनी श्रावण महिन्यात विद्वान ब्राह्मणांस दक्षिणा देण्याचा प्रघात तेथे पाडला होता. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे पडले आणि हा दानधर्म थोरल्या बाजीरावांनी पुण्यास आणला. पुढे पर्वतीच्या रमण्यात श्रावणात जी गर्दी उसळे, तिची वर्णने बखरींत व परक्या प्रवाशांच्या लिखाणातही आढळतात. काशीपासून द्रविड देशापर्यंतचे शास्त्रीपंडित येत, आणि त्यांच्याबरोबर शास्त्राचा गंधही नसलेले हजारो येत. हे दान दरवर्षी तिजोरीतून निघे आणि दरवर्षी संपे. मागे काही उरावे अशी त्यात योजनाच नव्हती; धर्मकृत्य घडले, एवढेच त्याचे फळ.

१८१८ मध्ये राज्य गेले. एल्फिन्स्टनने लोकांचा रोष ओढवू नये म्हणून दक्षिणा एकदम बंद केली नाही, पण तिची रक्कम सालीना ५०,००० रुपयांवर आणली आणि तिच्यातून १८२१ मध्ये पुण्यात संस्कृत पाठशाळा काढली. हेतू अर्थातच राजकारणाचाही होता. परंतु हिशेबनिसाच्या नजरेने पाहिले तर येथे एक मोठी गोष्ट घडली : वाटून संपणारा पैसा टिकणाऱ्या वस्तूत गुंतला. पुढे १८४९ च्या सुमारास लोकहितवादी आदी सुधारकांनी सरकारकडे अर्ज केला, की दक्षिणेचा पैसा मराठी ग्रंथ लिहवून घेण्याकडे लावावा. त्यावर पुण्यातल्या जुन्या मंडळींनी केवढा गदारोळ केला असेल याची कल्पना आमच्या सभेस हजर असलेल्यांना सहज करता येईल. अखेर काही रक्कम त्या कामी लागली. ‘दक्षिणा प्राइझ कमिटी’ झाली, आणि कॉलेजांतून ‘दक्षिणा फेलो’ नेमले जाऊ लागले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही तरुणपणी दक्षिणा फेलो होते. रमण्यात हातावर पडणाऱ्या नाण्याचे रूपांतर शंभर-सव्वाशे वर्षांनी रानड्यांच्या विद्यार्थिवेतनात व्हावे, हा आमच्या मते महाराष्ट्राच्या आर्थिक इतिहासातला एक विलक्षण प्रसंग आहे, आणि त्याची चर्चा व्हावी तितकी झालेली नाही.

इंग्रजी अमलाबरोबर दानाची दुसरी रीत आली. दात्याने एकरकमी पैसा द्यायचा, विश्वस्तांनी तो सरकारी रोख्यांत गुंतवायचा, मूळ रक्कम कायमची गोठवायची आणि व्याजातून शिष्यवृत्ती चालवायची. आपल्या सभेतील पहिला पक्ष ज्या मार्गाने जाऊ म्हणतो, तो हाच. त्याचे बळ केवढे आहे हे मुंबईच्या एका उदाहरणाने दिसते. कापसाच्या तेजीत अफाट श्रीमंत झालेल्या प्रेमचंद रायचंदांनी १८६४ मध्ये मुंबई विद्यापीठास ग्रंथालयासाठी आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी मोठ्या देणग्या दिल्या. १८६५ च्या जुलैत शेअरबाजार कोसळला आणि शेठजींचे सारे वैभव त्यात वाहून गेले. विद्यापीठाच्या ताब्यात आलेले दान मात्र शाबूत होते. मातोश्रींच्या नावाचा राजाबाई मनोरा १८७८ मध्ये उभा राहिला तो दात्याच्या पडत्या काळात. दान एकदा दात्याच्या व्यवहारापासून वेगळे झाले, की दाता बुडाला तरी ते तरते. विश्वस्त-पद्धतीचे मर्म हेच.

नाना शंकरशेटांच्या नावाची संस्कृतची शिष्यवृत्ती याच जातीची. प्रवेश परीक्षेत संस्कृतात पहिला येणाऱ्यास ती मिळे, आणि ‘शंकरशेट स्कॉलर’ ही बिरुदावली माणूस जन्मभर मिरवी. १९१२ मध्ये ती चिंतामणराव देशमुखांना मिळाली. पुढे ते सनदी सेवेत मध्यप्रांतात आले, आणि आपल्या शेजारच्या रायपूर जिल्ह्याच्या जमाबंदीचे काम त्यांनी केले, हे येथील मराठी माणसांस मुद्दाम सांगावेसे वाटते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि नंतर अर्थमंत्री झालेल्या या पुरुषाच्या शिक्षणास एका जुन्या विश्वस्त निधीच्या व्याजाचा हात लागलेला होता.

पण या रीतीस एक कीड आहे, आणि ती आम्ही स्वतः पाहिलेली आहे. आमच्या शाळेत एका दिवंगत वकिलांच्या स्मरणार्थ एक पारितोषिक होते. १९३८ मध्ये त्यांच्या चिरंजिवांनी ४०० रुपये दिले होते. साडेतीन टक्के दराने त्याचे वर्षाचे १४ रुपये येत. देणगी दिली तेव्हा त्या १४ रुपयांत मुलाची वर्षाची पुस्तके येऊन वर काही उरत असावे. १९८६ मध्ये ते पारितोषिक आम्हांस मिळाले. मुख्याध्यापकांनी भाषण केले, टाळ्या झाल्या, आणि बक्षिसाच्या पाकिटातून आम्ही एक कंपासपेटी घेतली. तीही बरी नव्हती. विश्वस्तांनी एका पैचा अपहार केलेला नव्हता. हिशेब चोख होता, मूळ रक्कम शाबूत होती, प्रतिवर्षी लेखापरीक्षण होत होते. तरीही त्या वकिलांचे दान चोरीस गेल्यासारखेच झाले होते. नोकरीत पुढे आम्ही कित्येक निर्दोष ताळेबंद पाहिले, आणि प्रत्येक वेळी ती कंपासपेटी आम्हांस आठवली.

साडेतीन टक्क्यांचे सरकारी रोखे हे त्या काळचे सर्वांत सुरक्षित साधन मानले जाई. १८८२ च्या न्यास कायद्याने विश्वस्तांना जी गुंतवणुकीची साधने नेमून दिली, त्यांत सरकारी रोखे पहिल्या ओळीत आहेत. व्याज बुडाले नाही. पण पहिल्या महायुद्धानंतर त्यांचा बाजारभाव दर्शनी किमतीच्या खूप खाली गेला, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या महागाईने त्या व्याजाची किंमत उरवली नाही. म्हणजे मूळ रकमेस हात न लावणे आणि मूळ रक्कम राखणे या दोन गोष्टी एक नव्हेत. पहिल्या पक्षाच्या मंडळींनी या मुद्द्याचा शांतपणे विचार करावा, अशी आमची विनंती आहे.

तिसरी रीत जमशेटजी टाटांची. नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू करणाऱ्या या गृहस्थाचा आणि आपल्या भिलाईचा एक जुना, अर्धवट राहिलेला संबंध आहे. लोखंडाच्या कारखान्यासाठी खनिज शोधीत त्यांची माणसे, खुद्द चिरंजीव दोराबजी आणि अमेरिकन भूशास्त्रज्ञ वेल्ड, विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरांत हिंडली होती. या खनिजाची नोंद भूगर्भ खात्याच्या प्रमथनाथ बोसांनी त्यापूर्वीच केलेली होती. पण टाटांचा कारखाना अखेर पूर्वेकडे साकचीस, म्हणजे आजच्या जमशेदपुरास गेला, आणि राजहऱ्याचे लोखंड आणखी पन्नास वर्षे तसेच पडून राहिले. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या धमनभट्टीचे उद्घाटन झाले, आणि तेव्हापासून राजहऱ्याच्या त्याच खनिजावर आपल्यापैकी बहुतेकांच्या चुली पेटत आल्या आहेत.

याच जमशेटजींनी १८९२ मध्ये परदेशी उच्च शिक्षणासाठी एक निधी स्थापन केला. त्याचे वैशिष्ट्य असे, की शिष्यवृत्ती कर्जाऊ दिली जाई. विद्यार्थ्याने शिकून यावे, कमवू लागावे आणि घेतलेली रक्कम हप्त्यांनी परत करावी. परत आलेल्या पैशातून पुढचा विद्यार्थी जावा. आरंभीच्या लाभार्थींत कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या. त्या काळी एका मराठी मुलीला वैद्यकशास्त्रासाठी सागरापार पाठवायला नातलग धजले नसते, सावकाराने तर दारातही उभे केले नसते. या निधीने त्यांना कर्ज दिले. कृष्णाबाई परत आल्या आणि कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांनी आयुष्यभर बायाबापड्यांची सेवा केली. पुढे जयंतराव नारळीकर केंब्रिजला गेले तेही याच निधीच्या साहाय्याने.

कर्ज म्हटले की आपल्या मंडळींच्या कपाळास आठ्या पडतात. गरिबाच्या मुलाला मदत करायची आणि मग वसुलीला जायचे, हे कसले पुण्य? पण कर्जाऊ शिष्यवृत्तीत विद्यार्थ्याचा जो मान राखला जातो तो फुकट मदतीत राहत नाही, असे आमचे मत आहे. वार लावून जेवलेल्या पिढीच्या आठवणी ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना हे पटेल. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी, ताटात पडेल ते खायचे आणि पुढे जन्मभर सात घरांचे मिंधे राहायचे! त्या अन्नावर मोठी माणसे घडली हे खरे. परंतु फेडण्याची सोय नसलेले ऋण फार जड असते. टाटांच्या निधीने फेडीची तारीख लिहून दिली.

आता आम्ही ज्या उदाहरणासाठी लेखणी उचलली, त्याकडे येतो. त्यासाठी वाचकांना पुन्हा तळेगावलाच यावे लागेल.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अंताजी दामोदर काळे नावाच्या गृहस्थांच्या मनात एक कल्पना आली. देशातल्या प्रत्येक माणसाने वर्षाकाठी फक्त एक पैसा द्यावा, आणि त्या निधीतून देशी उद्योग काढून तरुणांना हुन्नर शिकवावा. हाच ‘पैसा फंड’. आजच्या मुलांसाठी सांगितले पाहिजे, की तेव्हा रुपयाचे पैसे चौसष्ट होते. म्हणजे एक लाख माणसांनी पैसा दिला तर जमत १,५६२ रुपये ८ आणे. लाख दारे, लाख विनवण्या, आणि हाती दीड हजार! कोणत्याही शहाण्या माणसाने ही योजना पहिल्याच दिवशी निकालात काढली असती, आणि काढलीही. काळे यांनी ती सोडली नाही. लोकमान्यांनी ‘केसरी’तून तिचा पुरस्कार केला, बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशीचे वारे सुटले, आणि उत्सवांत, जत्रांत, सभांतून स्वयंसेवक पेट्या घेऊन हिंडू लागले.

पैसे जमू लागल्यावर त्या मंडळींपुढे नेमका आपलाच प्रश्न उभा राहिला. रोखे घ्यावेत आणि व्याजातून शिष्यवृत्त्या द्याव्यात? की जमलेले वाटून टाकावे? त्यांनी दोन्ही वाटा सोडल्या आणि १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना काढला. कारखाना आणि शाळा एकाच छपराखाली. जपान व अमेरिकेत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय हे तज्ज्ञ त्यांना मिळाले. हे गृहस्थ मराठी नव्हते, उत्तरेकडचे होते, याचीही नोंद असावी.

काचच का? कारण घराघरांत काच होती आणि तिच्यातली जवळजवळ सारी परदेशी होती. बायकांच्या हातांतल्या बांगड्या ऑस्ट्रियाच्या, दिव्यांच्या चिमण्या आणि शिशे युरोपातून येत. कच्चा माल म्हणजे वाळू, सोडा, चुना. त्यातली वाळू तरी देशात मुबलक. पण भट्टीचा धंदा काय असतो, हे भिलाईकरांस आम्ही काय सांगावे! काचेची भट्टी रात्रंदिवस पेटती ठेवावी लागते. ती थंड झाली की मुशी तडकतात, आतली काच थिजते आणि महिन्यांची मेहनत मातीत जाते. ज्यांनी पाळीत उभे राहून धमनभट्टी सांभाळली आहे, त्यांना लोकांच्या एकेक पैशावर भट्टी पेटवणाऱ्यांच्या छातीत रात्री काय होत असेल ते उमजेल. बँकेतल्या ठेवीला झोप लागते. भट्टीत घातलेल्या ठेवीला कोळसा लागतो.

केवळ गुंतवणूक म्हणून पाहिले तर हा निर्णय आम्ही आमच्या तपासणीत मान्य केला नसता, हे प्रामाणिकपणे सांगतो. सारा निधी एकाच धंद्यात, तोही देशात कोणास नीट न जमलेला. शिकाऊ हातांनी माल फुटण्याचे प्रमाण मोठे, आणि परदेशी मालाशी भावात स्पर्धा. शेरा मारण्यास जागा पुरली नसती. परंतु त्या कारखान्याचे खरे उत्पन्न जमाखर्चाच्या वहीत नव्हतेच. तळेगावच्या भट्टीपुढे फुंकनळी धरून जी मुले शिकली, ती हिंदुस्थानभरच्या काचकारखान्यांत पसरली. १९१४ मध्ये महायुद्ध पेटले, ऑस्ट्रियाच्या बांगड्या आणि युरोपची काच येईनाशी झाली, आणि देशी काचेला एकाएकी मागणी आली. तेव्हा शिकलेले हात देशात तयार होते, याचे मोठे श्रेय त्या एका पैशाकडे जाते. कराडजवळ ओगले बंधूंनी १९१६ मध्ये काचकारखाना काढला. त्यांच्या घरातही ही विद्या तळेगावच्या वाटेने आली. ज्या ओगलेवाडीच्या ‘प्रभाकर’ कंदिलाच्या उजेडात आमच्या वडिलांच्या पिढीने अभ्यास केला, त्याच्या काचेत कोणा अनोळखी शेतकऱ्याचा पैसा आहे. वार्ष्णेय पुढे उत्तरेत गेले आणि बहजोई येथे त्यांनी काचेचे तावदान बनवण्याचा उद्योग उभारला.

ज्या तळेगावात दाभाड्यांची दक्षिणा दर श्रावणात वाटून संपत असे, त्याच तळेगावात दोनशे वर्षांच्या आत दान भट्टीत घालून कारागीर काढले गेले. इतिहासाला अशा गमती सुचतात.

महर्षी कर्वे आणि कर्मवीर भाऊराव पाटील यांची नावे येथे टाळता येणार नाहीत, पण त्यांच्यावर या स्मरणिकेत स्वतंत्र लेख आहेत असे संपादकांनी कळविले असल्याने दोनच ओळी लिहितो. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी कर्व्यांच्या महिला विद्यापीठास १५ लाखांचे दान दिले, ते साडेतीन टक्क्यांनी वर्षाचे ५२,५०० रुपये व्याज मिळावे अशा बेताने आणि अटी घालून. भाऊरावांची रीत याच्या अगदी उलटी : हाती आले की मुलांच्या अन्नात गेले, आणि काही न आले तेव्हा लक्ष्मीबाईंच्या अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही गेले. मुलांनीच राबून वसतिगृह चालवावे ही ‘कमवा आणि शिका’ची वाट त्या टंचाईतूनच रुंद झाली. भाऊरावांनी ठेव राखली नाही हे खरे. पण आपल्यात भाऊराव कोण, हेही विचारले पाहिजे.

आता थोडे कायद्याचे. वाचकांनी कंटाळू नये. येथेच पुष्कळ संस्था घसरतात. मुंबई राज्यात १९५० मध्ये सार्वजनिक न्यासांचा कायदा झाला आणि धर्मादाय आयुक्त आले. आपल्याकडे मध्यप्रदेशाचा १९५१ चा कायदा चालतो, आणि त्यात निबंधकाचे काम जिल्हाधिकाऱ्याकडे असते. न्यासाचा पैसा कोठे ठेवावा यावर अशा कायद्यांनी जी बंधने घातली ती उगीच नाहीत. स्वदेशीच्या भरात निघालेल्या कित्येक बँका १९१३-१४ मध्ये पत्त्यांच्या बंगल्यासारख्या कोसळल्या. लाहोरची पीपल्स बँक गेली, मुंबईची स्पेसी बँक गेली. त्यांच्या जाहिराती देशभक्तीने ओथंबलेल्या असत. १९६१ च्या आयकर कायद्याने धर्मादाय संस्थांना नियम घातला, की सवलत हवी असेल तर उत्पन्नाचे ८५ टक्के त्या वर्षी कामी लावावे, आणि गुंतवणूक ठरवून दिलेल्या साधनांतच करावी.

परंतु कायद्यात बसणारी गुंतवणूक नेहमी सुरक्षित असतेच असे नाही. १९६४ मध्ये निघालेली युनिट ट्रस्टची ‘यूएस-६४’ योजना कोणास आठवत नाही? घरोघरचे भविष्यनिर्वाहाचे पैसे तिच्यात गेले, संस्थांच्या ठेवीही गेल्या. सरकारी ठेवीइतकीच ती पक्की आहे असा सर्वांचा समज होता. जुलै २००१ मध्ये तिची खरेदी-विक्री थांबवावी लागली. पुढे शासनाने धारकांना रोखे देऊन सावरले, पण मधल्या काळात निवृत्त मंडळींच्या तोंडचे पाणी पळाले होते. आमच्या ओळखीच्या एका संस्थेचा सारा शिष्यवृत्ती निधी त्या एकाच योजनेत होता. खजिनदार भला माणूस. त्याने केवळ दुसरीकडे पाहिले नव्हते.

म्हणून आम्ही पुढील आकडेमोड सभेपुढे ठेवतो. समजा, आपला निधी १० लाखांचा झाला आणि ठेवीवर ७ टक्के मिळाले, तर वर्षाचे ७०,००० रुपये आले. महागाई ५ टक्के धरली, तर निधीची किंमत टिकवण्यासाठी त्यातले ५०,००० पुन्हा मुद्दलात घातले पाहिजेत. खर्चास उरले २०,०००. पण ८५ टक्क्यांच्या नियमाने ५९,५०० तर कामी लावलेच पाहिजेत. मागे टाकता येतात १०,५००. विशिष्ट हेतू कळवून काही वर्षे रक्कम साठवण्याची सोय त्या कायद्यात होती, पण तीही अखेर खर्चासाठीच. म्हणजे केवळ ठेव आणि पारितोषिक या मार्गाने आपला निधी आमच्या शाळेतल्या वकिलांच्या निधीच्या वाटेनेच जाणार. फक्त ते पाहायला आपण नसू.

आमची सूचना अशी, की निम्मी रक्कम ठेवीत ठेवावी. एकाच बँकेत व एकाच मुदतीने नव्हे, तर दोन-तीन ठिकाणी, दरवर्षी एखादी ठेव पिकेल अशा बेताने. उरलेली निम्मी बिनव्याजी कर्जाऊ शिष्यवृत्ती म्हणून फिरवावी. ५ लाखांतून दहा मुलांना ५०,००० प्रमाणे देता येतील. नोकरी लागल्यावर त्यांनी हप्त्यांनी फेडावे, आणि परत आलेला प्रत्येक हप्ता पुढच्या मुलाकडे जावा. दोघांनी फेडले नाहीत तरी आठ जणांचे पैसे फिरत राहतील. दरवर्षीच्या गणेशोत्सवाच्या वर्गणीतून एक ठरावीक हिस्सा मुद्दलात पडावा, म्हणजे महागाईची भोके थोडीफार बुजतील. निधीचे खाते मंडळाच्या खात्यापासून वेगळे असावे, सह्या दोघांच्या लागाव्यात, आणि ते दोघे एका घरचे नसावेत. मदत घेणाऱ्या मुलाचे नाव ना फलकावर यावे ना स्मरणिकेत.

या योजनेतली अडचण आम्हांस दिसते, आणि ती हिशेबाची नाही. आपण येथे थोडी माणसे आहोत. ज्याच्या मुलाचे हप्ते थकतील, त्याच्याकडे हळदीकुंकवाला आपल्याच घरची माणसे गेलेली असतील. वसुलीला जाणार कोण? टाटांच्या निधीचा कारकून विद्यार्थ्याचा शेजारी नव्हता. सभेत जे सभासद ‘देऊन मोकळे व्हावे’ म्हणत होते, त्यांच्या मनात बहुधा हीच अडचण होती. ती त्यांनी बोलून दाखवली नाही एवढेच. आम्हांस ती खोटी वाटत नाही. म्हणून हप्त्यांची आठवण मंडळाने न करता दोन जामीनदारांनी करावी, आणि खरोखरच अडचणीत असलेल्या घराचे कर्ज माफ करण्याचा अधिकार तिघांच्या समितीस असावा, असे आम्ही मसुद्यात लिहिले आहे.

आणखी एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. मंडळ स्थापन झाले तेव्हा आपल्या बहुतेक सभासदांच्या घरी कारखान्याची कायम नोकरी होती. घर, दवाखाना, शाळा सारे कारखान्याचे. आज कायम नोकऱ्या पुष्कळ घटल्या आहेत, आणि विदर्भातून आलेली कित्येक मराठी कुटुंबे ठेकेदाराकडे काम करतात. ती मंडळी आपल्या कार्यक्रमांस मागच्या खुर्च्यांवर बसतात, आणि पुष्कळदा सभासदही नसतात. भिलाईत प्रवेशपरीक्षांच्या शिकवण्यांचे केवढे पेव फुटले आहे, आणि येथे आय. आय. टी. देखील आहे, पण त्या शिकवणीची पहिली फी भरता न आल्याने जो मुलगा दाराबाहेर राहतो, तो नव्वद टक्क्यांच्या पारितोषिकापर्यंत पोचतच नाही. गुणवंतांच्या सत्कारास आमचा विरोध नाही. त्यासाठी नारळ आणि शाल पुरे आहे. निधी त्या मागच्या खुर्च्यांसाठी असावा, आणि अर्ज करण्यास सभासदत्वाची अट नसावी. या कलमावर सभेत सर्वांत जास्त वाद होईल, याची आम्हांस कल्पना आहे.

मसुदा आम्ही सचिवांच्या हवाली केला आहे. ज्यांना तो आधी वाचायचा असेल त्यांनी रविवारी सकाळी मंडळाच्या कार्यालयात यावे. कर्जफेड नोकरी लागल्यापासून तीन वर्षांत व्हावी की पाच वर्षांत, ती जागा आम्ही कोरी ठेवली आहे. ती सभेने भरावयाची आहे.